नळीतलं रक्त आणि नसेतलं रक्त

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात जॉन हेगमन नावाच्या एका रेल्वे कामगाराची शस्त्रक्रियेआधीची रक्ततपासणी झाली आणि तपासणारेच कोड्यात पडले. काचेच्या नळीत त्याचं रक्त गोठायला इतका वेळ घेत होतं, की हा माणूस टेबलावरच हातचा जाईल असं कुणालाही वाटावं. पण हेगमनला रक्तस्रावाचा त्रास म्हणून कधी झालाच नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ या डॉक्टरांनी या रक्ताचा पिच्छा पुरवला आणि १९५५ मध्ये दाखवून दिलं, की तोवर कुणालाच ठाऊक नसलेला एक घटक त्यात नाही. आज त्याला फॅक्टर १२ म्हणतात, किंवा पेशंटच्या नावावरून हेगमन फॅक्टर. पुढे १९६८ मध्ये हेगमन वारला, तो अपघातात हाड मोडल्यानंतर फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून. ज्याचं रक्त नळीत गोठत नव्हतं, त्याचा जीव गुठळीने घेतला.

पीटी, आयएनआर, एपीटीटी, फायब्रिनोजेन, डी-डायमर: रक्त गोठण्याच्या तपासणीच्या रिपोर्टवर ही नावं येतात आणि शेजारी ठळक अक्षरांत ‘हाय’ किंवा ‘लो’ छापलेलं असतं. हे आकडे खोटे नसतात. पण प्रत्येक आकडा एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर असतो, आणि तो प्रश्न रिपोर्टवर कुठेच छापलेला नसतो.

आधी रक्त गोठतं म्हणजे काय होतं ते पाहू. फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन रक्तात विरघळून फिरत असतं. थ्रोम्बिन हे एन्झाइम त्याचे बारीक तुकडे छाटतं, आणि उरलेले रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे धागे होतात. ते फायब्रिन. जखमेच्या तोंडाशी प्लेटलेट आधीच गोळा झालेल्या असतात; त्यांच्याभोवती या धाग्यांची जाळी बसली की झाली गुठळी. आता थ्रोम्बिन येतं कुठून? ते कायम मोकळं फिरत असतं तर सगळं रक्त केव्हाच गोठलं असतं. म्हणून रक्तात असतं ते त्याचं निद्रिस्त रूप, प्रोथ्रोम्बिन. त्याला जागं करणारा घटकही एरवी झोपलेलाच असतो, आणि त्या घटकाला जागं करणाराही.

या घटकांना १ ते १३ असे क्रमांक आहेत. ते साधारणपणे शोध लागला त्या क्रमाने दिलेले आहेत, कामाच्या क्रमाने नव्हे. फायब्रिनोजेनचं काम येतं जवळजवळ शेवटी, पण क्रमांक १. क्रमांक ४ हे प्रथिनच नाही, ते साधं कॅल्शियम. क्रमांक ६ रिकामा आहे, कारण ज्याला वेगळा घटक समजलं गेलं तो ५ चंच जागं झालेलं रूप निघाला. वैद्यकाचे विद्यार्थी या क्रमांकांच्या नावाने बोटं मोडतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

१९६४ मध्ये ब्रिटनमधल्या मॅकफार्लेन यांनी आणि अमेरिकेत डेव्ही व रॅटनॉफ (हेगमनचे डॉक्टर, तेच) यांनी जवळपास एकाच वेळी ही साखळी मांडली. एक घटक पुढच्याला जागं करतो, आणि दर पायरीला एका रेणूमागे पुढचे अनेक रेणू जागे होतात, त्यामुळे सुरुवात कणभर आणि शेवट पूर, अशी ती कल्पना. या साखळीला दोन तोंडं होती. एक वाट काचेसारख्या ऋणभारित पृष्ठभागावर फॅक्टर १२ पासून सुरू होणारी, दुसरी टिश्यू फॅक्टर नावाच्या प्रथिनापासून फॅक्टर ७ मार्गे जाणारी. दोन्ही फॅक्टर १० पाशी एकत्र येतात. ही आकृती कित्येक पिढ्यांनी पाठ केली, आजही करतात.

पण शरीरात काच नसते.

शरीरात सुरुवात होते ती टिश्यू फॅक्टरपासून. हे प्रथिन रक्तवाहिनीच्या बाहेरच्या पेशींवर असतं, म्हणजे एरवी रक्ताची आणि त्याची गाठच पडत नाही. वाहिनी फाटली की पडते. मग फॅक्टर ७ त्याला चिकटतो, थोडासा फॅक्टर १० जागा होतो आणि त्यातून अगदी थोडं थ्रोम्बिन तयार होतं. एवढ्याने गुठळी होत नाही. पण हे पहिलं थ्रोम्बिन मागे वळून ५, ८ आणि ११ या घटकांना आणि प्लेटलेटना जागं करतं. मग प्लेटलेटच्या पृष्ठभागावर ८ आणि ९ यांची जोडी कामाला लागते आणि थ्रोम्बिनचा खरा लोंढा येतो. जखम भरून काढण्याच्या या सगळ्या खटाटोपात फॅक्टर १२ चं जवळजवळ काही काम नाही. म्हणून हेगमनला रक्तस्राव होत नव्हता. नळीत मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही, कारण तिथे सुरुवातच काचेपासून आहे.

रोजच्या तपासण्या याच दोन वाटांच्या आहेत. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट असतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं आणि रक्त पातळ राहतं. प्रयोगशाळेत त्यातला प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा द्रव, वेगळा काढतात, त्यात कॅल्शियम परत घालतात, सोबत एक ठिणगी देतात आणि घड्याळ लावतात. ठिणगी टिश्यू फॅक्टरची असेल तर ती पीटी. काचेच्या जागी सिलिकासारखी पूड वापरली तर ती एपीटीटी. (सायट्रेट आणि रक्त यांचं प्रमाण १ ला ९ असावं लागतं. नळी अर्धवट भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्तात काही बिघाड नसतानाही वेळ लांबतो. नमुना घेणारा ‘नळी भरली नाही, पुन्हा टोचावं लागेल’ म्हणाला तर त्याच्यावर चिडू नये.) फायब्रिनचे पहिले धागे दिसले की घड्याळ थांबतं. त्या क्षणापर्यंत एकूण थ्रोम्बिनपैकी जेमतेम पाचेक टक्के तयार झालेलं असतं. पुढे लोंढा किती मोठा आला, गुठळी किती मजबूत झाली, किती टिकली, यातलं काहीच या घड्याळाला कळत नाही.

यातूनच हेगमनच्या अगदी उलटं टोक समजतं. फॅक्टर १३ चं काम धागे तयार झाल्यावर सुरू होतं: तो त्यांना आडवे टाके घालून जाळी पक्की करतो. जन्मतः हा घटक नसलेल्या बाळाची नाळ गळून पडल्यावर बेंबीतून रक्त वाहत राहतं, पुढे मेंदूत रक्तस्रावाचाही धोका असतो. आणि त्याची पीटी, एपीटीटी दोन्ही नॉर्मल येतात. धागे वेळेवर झाले, घड्याळ वेळेवर थांबलं. ते टिकणार नाहीत हे चाचणीने विचारलंच नव्हतं. तिसरा प्रकार याहून चक्रावणारा आहे. काही लोकांच्या रक्तात ल्युपस अँटिकोॲग्युलंट नावाच्या अँटिबॉडी असतात. नाव ऐकून वाटावं की या रक्त पातळ करत असतील, आणि नळीत एपीटीटी खरोखरच लांबते. कारण या अँटिबॉडी चाचणीला लागणाऱ्या फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाच्याच आड येतात. शरीरात मात्र अशा माणसाला गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो.

मग एपीटीटी लांबली तर डॉक्टर काय करतात? एक सोपी, जुनी आणि माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत देखणी युक्ती: पेशंटचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळायचा आणि पुन्हा वेळ मोजायचा. वेळ सुधारला तर कुठला तरी घटक कमी होता, तो निरोगी प्लाझ्माने पुरवला. सुधारला नाही तर घटक कमी नाही, कुणीतरी त्याला अडवतंय. त्यानंतरच एकेक घटक वेगळा मोजायचा.

आकडा आणि शरीर यांचं बऱ्यापैकी जुळतं असाही आजार आहे: हिमोफिलिया. फॅक्टर ८ कमी असेल तर हिमोफिलिया ए, ९ कमी असेल तर बी. घटक नेहमीच्या १ टक्क्याहून कमी असेल तर आजार तीव्र, सांध्यांत आपोआप रक्त उतरतं. १ ते ५ टक्के मध्यम. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सौम्य, ज्यात एखादी शस्त्रक्रिया होईपर्यंत पत्ताही लागत नाही. इथे मोजलेला घटक हाच आजाराचं कारण आहे, म्हणून आकड्यावर भरवसा ठेवता येतो. पण उपचार बदलले आणि इथेही घोळ झाला. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं एमिसिझुमॅब हे औषध म्हणजे दोन हातांची अँटिबॉडी आहे. एका हाताने ती ९ ला धरते, दुसऱ्याने १० ला, आणि ८ च्या गैरहजेरीत दोघांची गाठ घालून देते. औषध परिणामकारक आहे. मात्र ते घेणाऱ्याची एपीटीटी इतकी झटकन सुधारते की चाचणीला माणूस पूर्ण बरा वाटतो, प्रत्यक्षात त्याचा रक्तस्रावाचा धोका पूर्ण गेलेला नसतो. अशा पेशंटची नेहमीची एपीटीटी जवळजवळ निरुपयोगी ठरते.

आता आयएनआर. गुठळी होऊ नये म्हणून वॉरफॅरिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांच्या घरात हा शब्द रोजचा असतो. पीटी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळी यायची, कारण प्रत्येकाचं टिश्यू फॅक्टरचं रसायन वेगळं. ती एका मापावर आणण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८०च्या दशकात आयएनआरची पद्धत आणली, आणि ती आणली खास या गोळ्या घेणाऱ्यांसाठी. वॉरफॅरिन के जीवनसत्त्वाच्या, म्हणजे व्हिटॅमिन केच्या, कामात खोडा घालतं, त्यामुळे यकृतात २, ७, ९ आणि १० हे घटक नीट तयार होत नाहीत. गोळी सुरू झाल्यावर रक्तात आधीपासून असलेले घटक आपापल्या आयुष्यानुसार संपत जातात. ७ चं अर्धायुष्य (निम्मा घटक संपायला लागणारा वेळ) काही तासांचं, २ म्हणजे प्रोथ्रोम्बिनचं दोन-तीन दिवसांचं. म्हणून गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच आयएनआर वाढलेला दिसतो. ती वाढ मुख्यतः ७ संपल्याची असते. गुठळीपासून संरक्षण मिळतं ते प्रोथ्रोम्बिन खाली आल्यावर, त्याला आणखी दिवस लागतात. याच कारणाने, ताज्या गुठळीवर उपचार करताना आयएनआर चांगला आला तरी हेपरिन या गुठळी रोखणाऱ्या दुसऱ्या औषधाची इंजेक्शनं निदान पाच दिवस चालू ठेवतात. ‘आकडा आला, आता सुई कशाला?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

यकृताच्या आजारातही आयएनआर वाढतो, कारण बहुतेक घटक यकृतातच बनतात. यकृत किती थकलंय हे सांगायला तो उत्तम खूण आहे. त्यावरून ‘याचं रक्त आधीच पातळ आहे, याला गुठळी होणार नाही’ असा निष्कर्ष मात्र डॉक्टरांनीही कैक वर्षं काढला, आणि तो चुकीचा होता. रक्त गोठू न देणारी प्रोटीन सी, प्रोटीन एस ही प्रथिनंही यकृतातच बनतात, तीही तेवढीच खाली आलेली असतात. तराजूची दोन्ही पारडी हलकी झालेली असतात आणि पीटी एकाच पारड्याचं वजन करते.

डी-डायमरकडे जरा सावकाश पाहू, कारण सर्वांत जास्त घाबरवणारा आकडा हाच आहे. फायब्रिनोजेनच्या रेणूला दोन टोकं असतात, त्यांना डी म्हणतात. थ्रोम्बिनने धागा केला की शेजारच्या दोन रेणूंची डी टोकं एकमेकांना लागतात, आणि फॅक्टर १३ त्यांना टाका घालतो. पुढे गुठळीचं काम झालं की प्लाझ्मिन नावाचं एन्झाइम जाळी कापून काढतं. पण तो टाका त्याला तुटत नाही, म्हणून जोडलेल्या दोन डींचा तुकडा तसाच रक्तात वाहून येतो. तो डी-डायमर. म्हणजे हा तुकडा सापडला, तर थ्रोम्बिन, फॅक्टर १३ आणि प्लाझ्मिन या तिघांनीही कुठेतरी काम केलं, एवढं नक्की. कुठे आणि कशासाठी, ते तुकड्यावर लिहिलेलं नसतं. गर्भारपण, शस्त्रक्रिया, न्यूमोनिया, कर्करोग, मोठी जखम, नुसतं वय वाढणं, या सगळ्यांत तो वाढतो. कोविडच्या साथीत तो इतक्या लोकांचा मोजला गेला की हा शब्द घराघरांत पोचला, अर्थ मात्र फारसा पोचला नाही.

समजा, पाय सुजलाय पण गुठळीची शंका कमीच आहे, अशा १,००० लोकांची चाचणी केली. त्यातल्या ५० जणांना खरंच गुठळी आहे आणि चाचणी त्यातल्या ४८ जणांना पकडते. उरलेल्या ९५० पैकी, समजा, ३८० जणांचा डी-डायमरही इतर कारणांनी वाढलेला निघतो. (हे आकडे हिशोबासाठी घेतलेले आहेत.) आता आकडा वाढलेले एकूण ४२८, त्यात गुठळी असलेले ४८, म्हणजे नवांत एक. आणि आकडा न वाढलेले ५७२. त्यात गुठळी फक्त दोघांना. या चाचणीची ताकद कुठल्या बाजूला आहे ते इथे दिसतं. शंका कमी असताना आकडा कमी आला तर गुठळी नाही असं धरून सोनोग्राफी टाळता येते. आकडा जास्त आला तर फक्त पुढची तपासणी करायची, गुठळी आहे असं नव्हे. आणि लक्षणांवरूनच शंका दाट असेल तर डी-डायमर न करता थेट सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करणं शहाणपणाचं, कारण तेव्हा आकडा कमी आला तरी निर्धास्त होता येत नाही.

दोन व्यावहारिक गोष्टी. काही प्रयोगशाळा डी-डायमर एफईयू या एककात देतात, काही डीडीयू या एककात. पहिला आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतो. दोन ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘एका दिवसात दुप्पट झालं’ म्हणण्याआधी एकक पाहावं. आणि नेहमीची ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर (एफईयू) ही मर्यादा पन्नाशीनंतर वयानुसार बदलतात: वय गुणिले १०. पंचाहत्तरीच्या माणसाला ७५० पर्यंत चालतं. फुप्फुसातल्या गुठळीची शंका असलेल्यांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ही वाढीव मर्यादा सुरक्षित ठरली.

डी-डायमर ही खूण आहे, कारण नव्हे, हे सहज पटतं. तो कमी करायचं औषध कुणी मागत नाही. फायब्रिनोजेनच्या बाबतीत मात्र संशोधकही बरीच वर्षं अडखळले. लंडनच्या नॉर्थविक पार्क हार्ट स्टडीने १९८०च्या दशकात दाखवलं, की ज्यांचं फायब्रिनोजेन जास्त त्यांना पुढे हृदयविकार जास्त होतो. नंतरच्या कित्येक अभ्यासांत तेच दिसलं. जास्त कच्चा माल, जास्त गुठळ्या, असा सरळ हिशोब वाटतो. पण शरीरात कुठेही दाह असला की यकृत फायब्रिनोजेन वाढवतं, धूम्रपानानेही ते वाढतं. मग हृदयविकार फायब्रिनोजेनमुळे, की दोन्ही त्या तिसऱ्याच कारणामुळे?

याचा निवाडा करायला जनुकं कामी आली. काही लोकांत जन्मतःच असा जनुकीय फरक असतो की त्यांचं फायब्रिनोजेन आयुष्यभर किंचित जास्त राहतं. हा फरक कुणाच्या वाट्याला यावा हे आईबापांच्या जनुकांच्या वाटपात योगायोगाने ठरतं, त्याचा सिगारेटशी किंवा वजनाशी संबंध नसतो. फायब्रिनोजेन हेच कारण असेल तर अशा लोकांत हृदयविकार जास्त दिसायला हवा. हजारो लोकांत शोधूनही तो ठळकपणे दिसला नाही. खूण म्हणून फायब्रिनोजेन खरं, कारण म्हणून बहुधा नाही. याउलट फॅक्टर ५ लायडन. हा बदल १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात सापडला, म्हणून ते नाव. त्यात प्रोटीन सीला फॅक्टर ५ कापून बंद करणं जड जातं, आणि तो ज्यांना वारशाने मिळतो त्यांच्यात शिरांतल्या गुठळ्या काही पटींनी जास्त दिसतात. इथे जनुकाने आरोप सिद्ध केला. तरीही हा बदल असलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधीच गुठळी होत नाही, त्यामुळे असा रिपोर्ट हातात आला म्हणून उद्यापासून गोळ्या सुरू, असं नसतं.

याच विचाराने सध्या सगळ्यांच्या नजरा फॅक्टर ११ वर आहेत. जन्मतः हा घटक कमी असलेल्यांना शिरांतल्या गुठळ्या कमी होतात, आणि आपोआप रक्तस्राव सहसा होत नाही. दात काढताना किंवा टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत मात्र रक्त थांबायला त्रास होऊ शकतो. गुठळी रोखायची पण जखम भरू द्यायची, हे आजवरच्या कुठल्याच औषधाला नीट जमलेलं नाही. २०१५ मध्ये गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेआधी फॅक्टर ११ कमी करून पाहिलेल्या चाचणीत गुठळ्या खरंच कमी झाल्या, रक्तस्राव न वाढता. आशा वाढल्या. मग हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांत पक्षाघात टाळण्यासाठी फॅक्टर ११ ला अडवणाऱ्या असुंडेक्सियान या गोळीची ॲपिक्सबॅन या आधीपासून वापरात असलेल्या गोळीशी तुलना करणारी मोठी चाचणी सुरू झाली, आणि २०२३ मध्ये ती मुदतीआधीच थांबवावी लागली. रक्तस्राव कमी होता, पण पक्षाघात ॲपिक्सबॅनपेक्षा जास्त होत होते. गोळीचा डोस अपुरा पडला, की हृदयात होणाऱ्या गुठळीला ११ ची तेवढी गरजच नसते, यावर तज्ज्ञांत वाद आहे. गंमत म्हणजे या गोळीने एपीटीटी लांबते, पण एपीटीटी अमुक इतकी लांबली म्हणजे पक्षाघात टळला, असा हिशोब मांडता येत नाही. फॅक्टर ११ जन्मतः कमी असलेल्यांतही मोजलेली टक्केवारी आणि प्रत्यक्ष रक्तस्राव यांचा मेळ बसत नाही: एकाच घरात, तेवढाच आकडा असलेल्या दोन भावांपैकी एकाला दात काढल्यावर टाके घालावे लागतात आणि दुसऱ्याला कापूस पुरतो.